जॅग्वार एक्सके १२० ते डी-टाइप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतक्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या असताना जॅग्वारच का?

कारण १९४८ ते १९५७ या नऊ वर्षांत एकाच इंजिनाभोवती एक्सके १२०, सी-टाइप आणि डी-टाइप या तीन गाड्या घडल्या आणि त्यातल्या शेवटच्या दोघींनी फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत पाच वेळा जिंकली. या इंजिनाचे कौतुक सगळेच करतात आणि ते रास्तही आहे. पण या विजयांमागे वेगाइतकाच, काही वर्षी तर वेगापेक्षा जास्त, ब्रेकचा हात होता. ती बाजू मराठीत फारशी लिहिली गेलेली नाही, म्हणून इथे तिला जास्त जागा दिली आहे.

जॅग्वार कंपनी मुळात कुठली?

ब्लॅकपूलची. विल्यम लायन्स आणि विल्यम वॉम्स्ली या दोघांनी १९२२ मध्ये तिथे मोटरसायकलला जोडायचे साइडकार बनवायला सुरुवात केली. कंपनीचे नाव स्वॉलो साइडकार. पुढे ऑस्टिन सेव्हनसारख्या साध्या गाड्यांवर देखण्या बॉड्या चढवण्याचा धंदा वाढला आणि १९२८ मध्ये कारखाना कॉव्हेंट्रीला गेला. त्या शहरात तेव्हा मोटार उद्योगाचे सुटे भाग आणि कसबी कारागीर दोन्ही हाताशी मिळत. १९३१ पासून गाड्या एसएस नावाने येऊ लागल्या. ‘जॅग्वार’ हे नाव १९३५ मध्ये एका मॉडेलसाठी आले. युद्ध संपल्यावर, हिटलरच्या एसएस दलामुळे, एसएस ही अक्षरे कोणत्याही गाडीवर नकोशी झाली होती, त्यामुळे १९४५ मध्ये कंपनीनेच जॅग्वार हे नाव घेतले.

एक्सके इंजिन युद्धाच्या काळात छपरावर जन्मले, हे खरे का?

आराखडा तिथे शिजला, हे खरे. नोव्हेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात कॉव्हेंट्री होरपळली होती. त्यानंतर आगीचे बॉम्ब पडले तर ते लगेच विझवता यावेत म्हणून कारखान्यांच्या छपरांवर रात्रीचे पहारे असत. लायन्स यांनी आपल्या पहाऱ्याच्या पाळीत मुख्य अभियंता विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली यांना सोबत घेतले. युद्धानंतर कोणते इंजिन बनवायचे यावर या मंडळींची चर्चा तिथेच होई.

त्यातून ठरले ते असे: ओळीत सहा सिलिंडर, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), घुमटाच्या आकाराचे ज्वलनकक्ष, हेड (सिलिंडरवरचे झाकण) अ‍ॅल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा. क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, सात मुख्य बेअरिंग, त्यामुळे लांबलचक दांडा ताणाखाली फारसा वाकत नसे. दोन कॅमशाफ्ट तोपर्यंत बहुतेक करून शर्यतीच्या किंवा अतिशय महागड्या गाड्यांत दिसत. ते दर आठवड्याला शेकड्याने बनवता येतील आणि गावातल्या गॅरेजमध्येही सांभाळता येतील, असा विचार करणे हेच मोठे धाडस होते.

हेडमधले काम हॅरी वेस्लेक यांचे. हवा-पेट्रोलचे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरताना गोल फिरत जावे म्हणून त्यांनी आतल्या वाटेला बाक दिला. मिश्रण चांगले घुसळले की ज्वलन एकसारखे होते. आधीच्या नमुन्याचा बोर (सिलिंडरचा व्यास) ८३ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९८ मिमी होता. त्यात खालच्या फेऱ्यांना ओढ कमी पडते असे दिसले, म्हणून स्ट्रोक १०६ मिमी केला आणि क्षमता ३४४२ सीसी झाली. १६० अश्वशक्ती मिळत होती ती मिनिटाला ५००० फेऱ्यांना. हे इंजिन पुढे वेगवेगळ्या आकारांत १९९२ पर्यंत बनत राहिले. शेवटची गिऱ्हाईक होती डेमलरची लिमोझिन. ब्रिटिश लष्कराच्या स्कॉर्पियन या हलक्या रणगाड्यातही त्याचेच ४.२ लिटरचे रूप बसवले होते.

एक्सके १२० मधला १२० आकडा कशाचा?

ताशी १२० मैलांचा, म्हणजे सुमारे १९३ किलोमीटरचा. गाडी ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टमधल्या मोटार प्रदर्शनात मांडली. मूळ बेत नव्या इंजिनाची जाहिरात करणारी थोडीशी वाहने बनवण्याचा होता, म्हणून नव्या सलून गाडीची चासी आखूड करून वापरली आणि अ‍ॅश लाकडाच्या सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे हाताने बसवले. मागणी इतकी आली की पहिल्या सुमारे २४० गाड्यांनंतर, १९५० पासून, पोलादी बॉडीचे साचे करावे लागले. एकूण १२ हजारांहून थोड्या जास्त गाड्या झाल्या आणि त्यातल्या बहुसंख्य परदेशी, मुख्यतः अमेरिकेला गेल्या. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये जो कारखाना निर्यात करी त्यालाच पोलाद मिळे, त्यामुळे दुसरा मार्गही नव्हता.

एवढ्या किमतीत एवढा वेग यावर अनेकांचा विश्वास बसेना. मे १९४९ मध्ये कंपनीने पत्रकारांना बेल्जियममधल्या याबेक गावाजवळच्या सरळ रस्त्यावर नेले. रॉन सटन यांनी गाडी ताशी १३२.६ मैलांनी, म्हणजे २१३ किलोमीटरच्या वेगाने पळवून दाखवली.

ती रस्त्यावरची गाडी होती की शर्यतीची?

बनवली रस्त्यासाठी, पण शर्यतींनी तिला सोडले नाही. सप्टेंबर १९५० मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या डनड्रॉडच्या ओल्या, अरुंद रस्त्यांवर टुरिस्ट ट्रॉफी ही शर्यत झाली. ती स्टर्लिंग मॉस यांनी उसनी घेतलेली एक्सके १२० चालवून जिंकली. दुसऱ्या दिवशी त्यांचा एकविसावा वाढदिवस होता आणि कारखान्याच्या संघात त्यांना जागा मिळाली ती या शर्यतीमुळेच. इयन अ‍ॅपलयार्ड आणि त्यांच्या पत्नी पॅट, म्हणजे लायन्स यांची मुलगी, यांनी एनयूबी १२० नंबरच्या पांढऱ्या गाडीतून आल्प्सच्या घाटांमधली रॅली १९५० पासून सलग तीन वर्षे एकही दंडगुण न घेता पूर्ण केली. ऑगस्ट १९५२ मध्ये पॅरिसजवळच्या माँलेरीच्या वर्तुळाकार धावपट्टीवर एक बंद छपराची एक्सके १२० सात दिवस, सात रात्री चालवली आणि थांबे धरूनही सरासरी ताशी १०० मैलांच्या वर राहिली. मला स्वतःला या गाडीचे सगळ्यात मोठे प्रमाणपत्र हेच वाटते.

मग ल माँसाठी वेगळी गाडी का करावी लागली?

१९५० च्या शर्यतीमुळे. त्या वर्षी तीन एक्सके १२० जवळपास जशाच्या तशा उतरवल्या होत्या. लेस्ली जॉन्सन आणि बर्ट हॅडली यांची गाडी बराच काळ आघाडीच्या गाड्यांच्या पाठोपाठ होती. पण तासांमागून तास गेले तसे ड्रम ब्रेक तापून निकामी होऊ लागले. घाट उतरताना आपल्याकडचे ट्रकचालक गाडी खालच्या गिअरवर ठेवून इंजिनाने आवरतात, तेच जॉन्सन यांनी ताशी दोनशेच्या वेगावरून करायला सुरुवात केली. तो सगळा भार क्लचवर आला आणि शर्यत संपायला थोडेच तास उरले असताना क्लच गेला. उरलेल्या दोन गाड्या बाराव्या आणि पंधराव्या आल्या.

हेन्स यांनी त्यातून दोन निष्कर्ष काढले. इंजिन जिंकण्याजोगे आहे. आणि गाडी हलकी, वारा कापणारी हवी, थांबणारीही हवी. वजन आणि वारा हे दोन प्रश्न वर्षभरात सुटले. थांबण्याच्या प्रश्नाला तीन वर्षे लागली.

सी-टाइपमध्ये नेमके काय बदलले?

इंजिन तेच राहिले, बाकी बहुतेक सगळे नवे आले. जड चासीऐवजी पोलादी नळ्या त्रिकोणांत जोडून केलेला हलका सांगाडा. त्यावरची बॉडी माल्कम सेयर यांची. ते ब्रिस्टल एरोप्लेन कंपनीतून आलेले वायुगतिशास्त्राचे अभियंते. गाडीचे वक्र डोळ्यांच्या अंदाजाने काढण्याऐवजी ते गणिताने काढत आणि संगणक नसल्याने आकडेमोड हाताने करत.

१९५१ मध्ये तीन सी-टाइप ल माँला गेल्या. दोन गाड्या एकाच कारणाने बाद झाल्या: इंजिनाच्या कंपनांनी तेलाची नळी तुटली. तिसरीची नळी टिकली आणि पीटर वॉकर व पीटर व्हाइटहेड जिंकले. इंजिनात चूक नव्हती, पण त्या विजयात नशिबाचा वाटा होता, हे मान्य करायला हवे.

१९५२ मध्ये तिन्ही गाड्या का बंद पडल्या?

घाईमुळे. मे महिन्यात इटलीतल्या मिले मिल्या शर्यतीत मॉस यांनी मर्सिडीजच्या नव्या ३०० एसएल गाड्या पाहिल्या आणि आणखी वेग हवा असे कंपनीला कळवले. काही आठवड्यांत लांब नाक-शेपटीच्या नव्या बॉड्या तयार झाल्या. नाक खाली आणण्यासाठी पाणी थंड करण्याची व्यवस्था बदलावी लागली आणि तिची पुरेशी चाचणी झालीच नाही. शर्यतीत पहिल्या काही तासांतच तिन्ही इंजिने तापून बाद झाली आणि मर्सिडीज जिंकली. जूनच्या शेवटी फ्रान्समध्ये रँस इथे मॉस यांनी जुन्या आकाराच्या सी-टाइपला शर्यत जिंकून दिली. त्या गाडीला डनलॉपचे डिस्क ब्रेक होते. डिस्क ब्रेकच्या गाडीने जिंकलेली ही पहिली मोठी शर्यत, आणि माझ्या मते त्या वर्षातली खरी बातमी हीच.

डिस्क ब्रेक इतके महत्त्वाचे का?

ल माँच्या जवळपास साडेतेरा किलोमीटरच्या फेरीत सुमारे सहा किलोमीटरचा सरळ रस्ता होता. त्याच्या टोकाला म्यूल्सानचे काटकोनी वळण. गाडी ताशी २४० वरून ६० वर आली, म्हणजे वेग एक चतुर्थांश झाला. गतिज ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती सोळाव्या हिश्शावर येते. उरलेले सोळापैकी पंधरा भाग काही सेकंदांत उष्णता होऊन बाहेर पडायला हवेत, आणि चार-पाच मिनिटांनी पुन्हा तितकेच. असे २४ तास.

ड्रम ब्रेकमध्ये लायनर बंद डब्याच्या आतून दाबले जातात. डबा तापला की फुगतो आणि लायनरपासून दूर सरकतो, म्हणजे पेडल आणखी खोल जाते. लायनरचे घर्षणही उष्णतेने घटते. आतली उष्णता बाहेर जायला वाट कमी. डिस्कमध्ये उलट घडते. चाकाबरोबर फिरणारी तबकडी उघड्या वाऱ्यात असते आणि पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटतात. तबकडी तापून फुगली तर पॅडकडेच येते. पाणी, धूळ फेकली जाते आणि प्रत्येक वेळी ब्रेक सारखाच लागतो. शर्यतीच्या चालकाला हा शेवटचा गुण सगळ्यात मोलाचा, कारण कुठल्या खुणेवर पाय टाकायचा हे त्याला बाविसाव्या तासालाही ठाऊक असते.

कल्पना विमानांच्या चाकांवर आधीच वापरली जात होती. मोटारीवर आणताना अडचणी आल्याच. पॅड झिजले की उष्णता ब्रेकच्या तेलापर्यंत पोचे आणि तेल उकळे, मग पेडल एकाएकी रिकामे जाई. हे सगळे अनुभव चाचणी चालक नॉर्मन ड्यूइस यांनी स्वतः गाडी चालवून गोळा केले आणि डनलॉपच्या लोकांबरोबर एकेक दोष दूर केला. शर्यती जिंकणाऱ्यांची नावे सगळ्यांना ठाऊक असतात. ड्यूइस यांचे नाव त्यांच्या शेजारी लिहावे असे मला मनापासून वाटते.

१९५३ चे विजेते रात्रभर दारू पिऊन उतरले होते, ही गोष्ट खरी का?

ही गोष्ट चालक डंकन हॅमिल्टन यांच्याच तोंडून पसरली. सरावात एकाच क्रमांकाच्या दोन गाड्या मैदानात आल्याने हॅमिल्टन आणि टोनी रोल्ट यांना बाद ठरवले होते आणि नंतर परत घेतले, एवढे खरे. पण संघाचे व्यवस्थापक लॉफ्टी इंग्लंड यांनी दारूची कथा साफ नाकारली होती. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. सरासरी ताशी १०५.८५ मैल, म्हणजे १७० किलोमीटर, राखत २४ तास गाडी चालवणे धुंदीत असलेल्या माणसाचे काम नाही. ल माँला ताशी १०० मैलांची सरासरी त्या वर्षी पहिल्यांदा ओलांडली गेली. कारखान्याच्या तीन सी-टाइप पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या आल्या. तिन्हींना चारही चाकांवर डिस्क ब्रेक होते, आणि त्यांच्याशी झुंजणाऱ्या फेरारींना ड्रम.

डी-टाइपच्या चालकामागे तो पंख कशासाठी?

सरळ रस्त्यावर स्थिर राहण्यासाठी. ताशी पावणेतीनशे किलोमीटरला जरा बाजूचा वारा लागला तरी गाडी वाट सोडू पाहते. पंख मागची बाजू सरळ ठेवतो.

पण डी-टाइपची खरी करामत पत्र्याखाली आहे. चालक बसतो तो मधला भाग अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पत्र्यांचा एकसंध डबा आहे आणि ताण सांगाड्याऐवजी हे पत्रेच सोसतात, विमानाच्या धडासारखे. पुढे इंजिन धरायला नळ्यांची चौकट जोडली आहे. इंजिनाखाली तेलाची खोल टाकी असली की बॉनेट उंच होते, म्हणून तेल वेगळ्या टाकीत ठेवले आणि इंजिन थोडे तिरके बसवले. समोरून वारा अडवणारे क्षेत्रफळ त्यामुळे घटले. पेट्रोलसाठी रबराच्या लवचीक पिशव्या वापरल्या, त्याही विमानातल्याच.

पहिल्याच वर्षी, १९५४ मध्ये, पावसाने झोडपलेल्या शर्यतीत रोल्ट आणि हॅमिल्टन दुसरे आले. ४.९ लिटरच्या फेरारीपुढे ३.४ लिटरची जॅग्वार एका फेरीपेक्षाही कमी अंतराने मागे राहिली. या सगळ्या इतिहासातला माझा सर्वांत आवडता निकाल हा पराभवच आहे.

१९५५ च्या अपघाताला जॅग्वार जबाबदार होती का?

११ जून १९५५ ला संध्याकाळी माइक हॉथॉर्न यांनी आपली डी-टाइप इंधन-दुरुस्तीच्या थांब्याकडे वळवण्यासाठी वेग कमी केला. मागून येणाऱ्या लान्स मॅकलिन यांनी ऑस्टिन-हीली बाजूला घेतली आणि पियेर लेव्हे यांची मर्सिडीज तिच्यावर आदळून प्रेक्षकांमध्ये गेली. लेव्हे आणि ८० हून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. चौकशीत कोणत्याही एका चालकाला दोषी धरले गेले नाही. थांब्यांची जागा मुख्य रस्त्याला लागून होती, रस्ता अरुंद होता आणि प्रेक्षक व गाड्या यांच्यात फक्त मातीचा बांध होता. डिस्क ब्रेकची गाडी आणि ड्रम ब्रेकच्या गाड्या यांच्या थांबण्याच्या अंतरात मोठा फरक होता, हा मुद्दाही तेव्हापासून मांडला जातो आणि तो मला टाळण्यासारखा वाटत नाही.

मर्सिडीजने रात्री गाड्या काढून घेतल्या. हॉथॉर्न आणि आयव्हर ब्यूब जिंकले. लायन्स यांचा एकुलता मुलगा जॉन ल माँला येताना रस्त्यावरच्या अपघातात गेला होता. स्वित्झर्लंडने सर्किटवरच्या शर्यतींवर बंदी घातली. त्या वर्षीचा विजय मोजायचा तर एवढे सगळे सोबत मोजावे लागते.

कंपनीने शर्यती सोडल्यावरही जॅग्वार कशी जिंकली?

एडिंबरोच्या एकुरी एकोस या छोट्या खासगी संघामुळे. १९५६ ला कारखान्याच्या दोन गाड्या दुसऱ्याच फेरीत आपटल्या, तिसरीला इंधनाने सतावले आणि या संघाच्या निळ्या डी-टाइपने शर्यत जिंकली. चालक रॉन फ्लॉकहार्ट आणि निनियन सँडरसन. कंपनीने त्याच वर्षी माघार जाहीर केली. १९५७ मध्ये एकुरी एकोस पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर आला, आणि डी-टाइपनी पहिले चारही क्रमांक घेतले, वर सहावाही.

एक्सकेएसएस म्हणजे काय?

न विकल्या गेलेल्या डी-टाइपना दुसरे दार, पूर्ण काच आणि तोकडे छत देऊन रस्त्यासाठी केलेली गाडी. १२ फेब्रुवारी १९५७ ला ब्राउन्स लेनच्या कारखान्याला आग लागली आणि फक्त १६ गाड्या गिऱ्हाइकांपर्यंत गेल्या. जळालेल्या नऊंच्या जागी कंपनीने २०१६ नंतर नव्या नऊ बनवल्या. त्यांची कारागिरी उत्तम आहे. तरी जुन्या गाडीची जागा त्या घेऊ शकत नाहीत, असे माझे मत आहे.

आणि ई-टाइप?

मार्च १९६१, जिनिव्हाचे मोटार प्रदर्शन. ३.८ लिटरचे तेच इंजिन, पुढे डी-टाइपसारखी चौकट, मागे प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. शर्यतीसाठी १९६३ पासून अ‍ॅल्युमिनियमच्या १२ हलक्या ई-टाइप झाल्या, पण तोवर इंजिन मध्यभागी असलेल्या गाड्यांचे दिवस आले होते.

बेंटली, अ‍ॅस्टन मार्टिन, लोटस यांचे काय?

प्रत्येकीवर स्वतंत्र लिहायला हवे. बेंटलीने १९२४ मध्ये आणि पुढे १९२७ ते १९३० सलग चार वर्षे ल माँ जिंकली. अ‍ॅस्टन मार्टिनने १९५९ मध्ये. हे धागे एकमेकांत गुंतलेलेही आहेत: छपरावर पहारा देणारे वॉल्टर हॅसन पोरवयात बेंटलीच्या कारखान्यात लागले होते, आणि जॅग्वार सोडल्यावर ते कॉव्हेंट्री क्लायमॅक्सला गेले, जिथल्या इंजिनांवर लोटसने फॉर्म्युला वनची विजेतेपदे मिळवली.

टाटांचा या इतिहासाशी संबंध कधीपासून?

जून २००८ पासून. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्सने फोर्डकडून जॅग्वार लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरना घेतली. पुण्यात २०११ पासून या कंपनीच्या काही मॉडेलांची जोडणी होते. एक्सके आणि डी-टाइप घडल्या त्या मात्र कॉव्हेंट्रीतच.

अशी गाडी महाराष्ट्रात नोंदवता येते का?

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकीला विंटेज म्हणून नोंदता येते आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. अर्ज करण्यापूर्वी आपल्या आरटीओत सध्याची अट विचारून घ्या.

एक्सके १२० हाती आली तर मिस्त्रीला आधी काय सांगावे?

सर्वांत आधी बॅटरीचे. या गाडीत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे असतात आणि बॉडीला धन टोक जोडलेले असते, आजच्या गाड्यांच्या नेमके उलटे. सवयीने चार्जर किंवा नवे उपकरण उलटे जोडले तर नुकसान होते. दुसरे, व्हॉल्व्हचे अंतर स्क्रूने जुळवता येत नाही. टॅपेटखाली (कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या भागाखाली) ठरावीक जाडीच्या चकत्या घालाव्या लागतात आणि त्यासाठी कॅमशाफ्ट उतरवावे लागते, तेव्हा ज्याने हे काम आधी केले आहे अशाच माणसाला द्या. गर्दीत गाडी तापते, म्हणून रेडिएटर आतून स्वच्छ आहे का ते तपासा. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर न खडखडता गुंतवणारी रचना) नाही, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकू नका. आणि एक्सके १२० ला ब्रेक ड्रमचेच आहेत. चारही चाकांना डिस्क मिळू लागले ते १९५७ च्या एक्सके १५० पासून. लोणावळ्याहून खाली येताना गिअर आधी बदला, पाय ब्रेकवर नंतर ठेवा.